आवाज येतो, चित्र येत नाही

चवथीचा दुसरा दिवस. आरत्या झाल्या, पातोळ्या संपल्या, माटोळीखाली पत्त्यांचा डाव मोडला, की आमच्या घरात जुने विषय निघतात. गेल्या चवथीला तो विषय आईने काढला. "तुज्या बापायचें तें नाटक खंय आसा रे? एक फावट पळोवंया."

ते नाटक म्हणजे २००३ साली आमच्या गावच्या जत्रेत झालेलं ऐतिहासिक नाटक. फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही देवळाच्या जत्रेत व्हावं तसंच. रात्री अकराला पडदा वर, पहाटे तीनला खाली. बाबांनी त्यात मोरोपंत केले होते. त्या वर्षी मंडळाने पहिल्यांदाच पैसे काढून नाटकाचं चित्रण करून घेतलं आणि तीन तीन व्हीसीडींचे संच काढून गावात वाटले. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांचा आवाज आणि त्यांचं चालणं फक्त त्या तीन तबकड्यांत आहे.

तबकड्या कपाटात सापडल्या. माझा भाचा नव्या लॅपटॉपच्या चारी बाजू फिरवून म्हणाला, "मामा, हाका सीडी घालपाक सुवातच ना." खरंच नव्हती. मग माळ्यावर गुंडाळून ठेवलेला २००४ सालचा संगणक खाली आला. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी आणि दोघांनी उचलावा लागणारा मॉनिटर. माझी नोकरी लागायच्या आधी, घरात भांडून घेतलेला. सुरू केल्यावर त्याने तारीख दाखवली १ जानेवारी २००२. म्हणजे आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. तो दोष किरकोळ, एफ-वन दाबलं की पुढे जाता येतं. इंटरनेटची वायर मात्र मी मुद्दामच लावली नाही. एक्सपीची सुरक्षेची ठिगळं ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली. त्यानंतर तसला संगणक नेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

तबकडी घातली. नांदी झाली, पडदा उघडला आणि पाचेक मिनिटांत चित्र अडखळायला लागलं. आवाज पुढे, माणसं मागे. तलवार उपसली गेल्यावर दोन सेकंदांनी हात हलायचा. बहिणीचे यजमान म्हणाले, "जुनं झालंय ते, प्रोसेसर थकला असेल, सोडा आता." आई काही बोलली नाही, फक्त खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. तिथेच मी ठरवलं, हे असं सोडायचं नाही.

मी कारकून माणूस. बी. ए. झालो तो इतिहास घेऊन, संगणकशास्त्रातलं मला काही कळत नाही. पण कचेरीत वीस वर्षं कागद चाळून एक सवय लागली आहे. कागद हातात आला की आधी तारीख बघायची. अर्ज कधीचा, नियम कधीचा. निम्मे घोळ त्या दोन तारखांतल्या अंतरात असतात. व्हिडिओ चालत नसला तरीही तेच करावं, असं माझं मत आहे. यंत्र कधीचं आणि चित्रण कोणत्या पद्धतीचं, ती पद्धत कधीची? या दोन तारखा मांडल्या की दोष कुठे नाही हे तरी नक्की कळतं. आणि त्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा लागतो. तोच आज सांगायचा आहे.

घरगुती संगणकावर हलतं चित्र आलं ते ॲपलच्या क्विकटाइममुळे, डिसेंबर १९९१ मध्ये. पाठोपाठ नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ फॉर विंडोज आणलं आणि त्याच्याबरोबर आली एव्हीआय ही फाइल. तेव्हाचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, रुंदीला १६० ठिपके आणि उंचीला १२०. ते मोठं का होत नव्हतं, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

आमच्या व्हीसीडीचंच चित्र घ्या. ते ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं. हा गुणाकार होतो सेकंदाला सुमारे ७६ लाख बाइट. या हिशोबाने ६५० एमबीच्या सीडीवर फक्त दीड मिनिट मावेल. दीड मिनिटात आमच्याकडे नांदीसुद्धा होत नाही. पण त्याच सीडीवर ७४ मिनिटांचं नाटक बसतं. मग उरलेलं गेलं कुठे?

ते गेलं गणितात, आणि त्या गणिताच्या मुळाशी एक आपल्याकडचा माणूस आहे. नासिर अहमद, जन्म १९४० चा, बंगळुरूचा. तिथेच अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले. चित्राचे लहान लहान चौकोन करून, डोळ्याला जे फारसं जाणवत नाही ते वेगळं काढता येईल अशी एक रीत त्यांनी १९७२ मध्ये सुचवली. तिचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. त्या कामासाठी मागितलेलं अनुदान त्यांना नाकारलं गेलं, तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह तो निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज फोनवरचा जेपीईजी फोटो असो की घरातला टीव्ही, त्या चार पानांचं ऋण सगळ्यांवर आहे. खराब व्हिडिओत चित्राचे चौकोन सुटे झालेले दिसतात ना, ते याच चौकोनांचे.

दुसरी युक्ती आणखी सोपी. रंगमंचावर मागे रंगवलेला रायगड पूर्ण अंकभर तसाच असतो. मग तो सेकंदाला २५ वेळा का लिहायचा? एक चित्र पूर्ण लिहावं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहावं. आमच्या खात्यात मूळ आदेश एकच असतो आणि नंतर नुसत्या दुरुस्त्या निघतात, तसंच. व्हीसीडीत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं. ते पूर्ण चित्र खराब झालं, तर त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या दुरुस्त्या हवेत लोंबकळतात. एवढासा चरा पडूनही सबंध पडदा विस्कटतो तो यामुळे.

हे सगळं एका सर्वमान्य नियमावलीत बसवण्यासाठी १९८८ मध्ये एमपेग ही तज्ज्ञांची मंडळी जमली. इटलीचे लिओनार्दो किआरिल्योने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने. त्यांची पहिली नियमावली, एमपेग-वन, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता या कंपन्यांनी तिच्यावर व्हीसीडी उभी केली. युरोप-अमेरिकेत तिचं फार चाललं नाही, पण आशियात ती घराघरांत शिरली. नव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे कॅसेटच्या दुकानांत मराठी नाटकांच्या आणि कोंकणी तियात्रांच्या व्हीसीडी शेजारी शेजारी लागायच्या, ते आठवत असेल.

तर आता माझ्या दोन तारखा बघा. चित्रणाची पद्धत १९९३ ची. यंत्र २००४ चं. म्हणजे यंत्र पद्धतीपेक्षा अकरा वर्षांनी धाकटं. १९९३-९४ च्या संगणकाला व्हीसीडी दाखवायला वेगळं कार्ड बसवावं लागे, हे खरं. पण जानेवारी १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला. तो अशा व्हिडिओचं गणित स्वतःच करू शके. जे काम १६६ किंवा २०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरने केलं, ते २.४ गिगाहर्ट्झच्या माझ्या पेंटियम ४ ला झेपत नाही? प्रोसेसर म्हातारा झाला म्हणून त्याचं गणित कच्चं होत नाही. तेव्हा "यंत्र थकलं" हा निकाल मी तिथेच फेटाळला. भाषांतर करणारा प्रोग्रॅम नाही, ही शक्यताही बाद, कारण पहिली पाच मिनिटं तर नाटक नीट दिसलं होतं.

उरला रस्ता. तबकडीवरून माहिती प्रोसेसरपर्यंत येते तो. खात्री करायला हार्ड डिस्कवरची एक जुनी फाइल लावली, लख्ख चालली. दुसरी एक धड व्हीसीडी घातली, तीही अडखळली. म्हणजे दोष एकट्या आमच्या तबकडीत नव्हता. तो सीडीच्या खणात होता किंवा त्या खणाकडून येणाऱ्या वाटेवर. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्क्यांला टेकलेला.

एक्सपी वापरलेल्या मंडळींना ही खोड ठाऊक असेल. सीडीकडून माहिती आणायच्या दोन रीती. डीएमए रीतीत माहिती परस्पर मेमरीत जाते आणि प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा राहतो. पीआयओ रीतीत प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो, जणू फाइली पोचवायला शिपाई नाही म्हणून साहेबच जिने चढतोय. आता चरे पडलेली तबकडी वाचताना चुका होतात. एक्सपी त्या चुका मोजतो. सहा झाल्या, की वाट खराब आहे असं धरून तो डीएमए सोडून हळूहळू पीआयओवर उतरतो आणि आपण होऊन परत कधीच चढत नाही. खराब तबकडी काढून चांगली घातली तरी नाही. वीस वर्षांपूर्वी घातलेल्या कुठल्या तरी फुटक्या सीडीची शिक्षा बाबांचे मोरोपंत भोगत होते.

उपाय पाच मिनिटांचा. माय कॉम्प्युटरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथे आयडीई कंट्रोलर्सच्या खाली सेकंडरी चॅनल. त्याच्या ॲडव्हान्स्ड पानावर स्पष्ट लिहिलं होतं, पीआयओ मोड. ते चॅनल अनइन्स्टॉल करायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एक्सपी ते नव्याने ओळखतो आणि जुन्या चुकांची वही कोरी होते. पुन्हा पाहिलं तर अल्ट्रा डीएमए. नाटक सुरू केलं, तलवार आणि हात एकत्र हलले. आई म्हणाली, "आतां मातसो आवाज व्हड कर."

पहिली तबकडी निर्विघ्न पार पडली. दुसरीत बाराव्या मिनिटाला चित्राचे चौकोन उडाले, घरघर झाली आणि सगळं थांबलं. नेमकं मोरोपंतांच्या प्रवेशावर. बाबा विंगेतून येताना दिसतात, शेला सावरतात आणि तिथेच दगड होतात.

हा दोष मात्र तबकडीचाच. आणि यातही इतिहास आहे. सीडीवर साधी माहिती लिहितात तेव्हा एकेका खणात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा चुका सुधारणाऱ्या आकड्यांना दिलेली असते. व्हीसीडी करणाऱ्यांना ७४ मिनिटं बसवायची होती. म्हणून त्यांनी ती जास्तीची सुधारणा काढून टाकली आणि खणात २३२४ बाइट भरले. चित्रात एखादा ठिपका चुकला तर कोणाला कळतंय, असा हिशोब. नव्या तबकडीला तो बरोबर होता. पण आपल्या पावसाळ्यात वीस वर्षं कपाटात राहिलेल्या, बुरशी चढलेल्या, दर चवथीला हातोहात फिरलेल्या तबकडीला तो भोवतो. अशी व्हीसीडी नेहमीसारखी कॉपी करायला गेलात तर विंडोज मध्येच हात वर करतं, तेही यामुळेच.

तबकडी पाण्याने धुतली, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसू नये, गोल चरा वाचनाच्या रेषेबरोबरच जातो आणि जास्त नडतो. मग वाचता येत नसलेले खण सोडून बाकीचं उतरवून घेणारा एक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून आणून रात्रभर लावून ठेवला. सकाळी फाइल मिळाली. पण त्यात चाळीस सेकंदांचं भगदाड होतं.

चित्रण करणाऱ्याकडे मूळ टेप असेल म्हणून विचारायला गेलो. त्यावर पुढे लग्नं घेतली गेली होती. त्यात त्याचा दोष नाही, तेव्हा टेप महाग होती आणि सगळेच तसं करत.

मग एक गोष्ट डोक्यात आली, जी बी. ए.ला शिकलो होतो आणि विसरलो होतो. पोथी फाटली तर काय करतात? दुसरी प्रत शोधतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला घेतलेलं काम १९६६ ला पुरं झालं. त्यासाठी त्यांनी १,२५९ हस्तलिखितं पडताळली. का? तर कसर लागते ती प्रत्येक प्रतीला वेगळ्या जागी. सगळ्या प्रती एकाच श्लोकावर फाटत नाहीत.

आमच्या नाटकात अण्णाजी दत्तो झालेले काका अजून गावात आहेत, लोक त्यांना अजून अण्णाजीच म्हणतात. मोरोपंतांचं आणि त्यांचं रंगमंचावर कधी पटलं नाही, बाहेर मात्र रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोघे एकत्र बसायचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टीव्हीच्या मागून तबकड्यांचा संच काढला. त्यांची अवस्था आमच्यापेक्षा वाईट. पण चरे वेगळ्या जागी! त्यांची दुसरी तबकडी शेवटच्या दहा मिनिटांत मेली होती आणि बारावं मिनिट शाबूत होतं. दोन्ही संच एकाच मूळ तबकडीवरून काढलेले, त्यामुळे मिनिटाला मिनिट जुळलं. त्यांचा तुकडा आमच्यात जोडला, आमचा शेवट त्यांना दिला. असं २००३ सालचं नाटक दोन घरांतून मिळून पूर्ण झालं.

इथे गोष्ट संपली असती. पण भाच्याने आई नाटक बघत असतानाचा व्हिडिओ फोनवर घेतला होता. आज्जीला मोठ्या पडद्यावर दाखवायला तो त्याने त्याच जुन्या संगणकात घातला. आवाज आला, आज्जीचं हसू ऐकू आलं, पडदा मात्र काळा.

पुन्हा दोन तारखा. या वेळी उलट्या. यंत्र २००४ चं. फोनवरचा व्हिडिओ हल्ली बऱ्याचदा एचईव्हीसी पद्धतीचा असतो आणि ती नियमावली आली २०१३ मध्ये. म्हणजे चित्रण यंत्रापेक्षा नऊ वर्षांनी धाकटं. आता दोष तबकडीचा नाही आणि वाटेचाही नाही. आता दोष भाषेचा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फाइलच्या नावापुढे एव्हीआय किंवा एमपीफोर लिहिलेलं असतं, ते पाकिटाचं नाव. आतलं पत्र कोणत्या लिपीत आहे ते त्यावरून कळत नाही. ती लिपी म्हणजे कोडेक. एकाच पाकिटात आवाजाची लिपी एक आणि चित्राची दुसरी असू शकते. आवाज येतो आणि चित्र येत नाही, तेव्हा संगणक सांगत असतो की पाकीट उघडलं, एक पत्र वाचलं, दुसरं वाचता येत नाही. अशा वेळी संगणक उघडून वायरी हलवण्यात काही अर्थ नसतो.

२००० नंतरच्या काही वर्षांत या लिप्यांचा नुसता सुळसुळाट होता. सिनेपॅक, इंडिओ, मग डिव्हएक्स, एक्सव्हिड. यातलं पहिलं डिव्हएक्स तर मायक्रोसॉफ्टचं कोडेक फोडून बनवलेलं. प्रत्येक एव्हीआयच्या आत चार अक्षरांची एक खूण असे आणि ती ओळखून त्या त्या कोडेकची शोधाशोध करावी लागे. कंटाळून लोक एकदम पन्नास कोडेकांचं गाठोडं घालत आणि मग ती एकमेकांच्या पायात पाय घालत. माझ्या याच संगणकात मी तशी दोन गाठोडी घातली होती, हे कबूल करतो.

या गोंधळातून वाट काढली ती दोन कामांनी. पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प १ फेब्रुवारी २००१ ला सर्वांसाठी मुक्त झाला, तोच हा नारिंगी शंकूचा व्हीएलसी. आणि डिसेंबर २००० मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने एफएफएमपेग सुरू केलं, ज्यात जगातल्या बहुतेक लिप्या वाचणारी विद्या एकत्र जमत गेली. व्हीएलसीलाही तिचाच आधार आहे. या मंडळींनी कित्येक बंद कोडेकं कुणी न शिकवता उलगडली.

मग भाच्याचा व्हिडिओ? लॅपटॉपवर नेऊन तो एमपेग-टू या १९९० च्या दशकातल्या, डीव्हीडीच्या पद्धतीत बदलला. आकारही लहान केला. जुन्या यंत्राने तो मुकाट्याने दाखवला. म्हाताऱ्याशी म्हाताऱ्याच्या भाषेत बोललं की ऐकतो तो.

हीच गंमत नेटवरच्या व्हिडिओंची. आमच्या कचेरीतले एक सहकारी २०१२ च्या लॅपटॉपवर यूट्यूब बघतात आणि म्हणतात, "पूर्वी चालायचं, आता पंखा ओरडतो आणि चित्र अडकतं, लॅपटॉप बिघडला." आधी पंख्यातली धूळ काढली, ते करावंच. पण लॅपटॉप बिघडला नव्हता, समोरचा व्हिडिओ बदलला होता. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं ते फ्लॅशवर. जानेवारी २०१५ मध्ये त्याने फ्लॅश मागे टाकलं आणि फ्लॅश स्वतः २०२० च्या अखेरीस संपलं. दरम्यान २००३ सालच्या एच-२६४ या पद्धतीच्या जोडीला २०१३ ची व्हीपी-नाइन आणि २०१८ ची एव्ही-वन आली. नवी पद्धत तेच चित्र कमी जागेत पाठवते, पण उलगडायला जास्त कष्ट पडतात. कंपनीचं नेट वाचतं आणि कष्ट आपल्या यंत्राच्या डोक्यावर येतात. २०१२ च्या लॅपटॉपमध्ये एच-२६४ उलगडणारी खास मंडलं चिपमध्येच असतात, व्हीपी-नाइनची नसतात. म्हणून सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू केलं आणि एच-२६४ च माग असं सांगणारं एक छोटं एक्स्टेन्शन घातलं, एच-२६४-इफाय नावाचं. पंखा गप्प बसला. दोन हजारांचाही खर्च नाही. नवा लॅपटॉप घ्यायला निघालेल्या सहकाऱ्याने मला चहा पाजला.

असो. एवढ्या खटपटीनंतर मनात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या गोव्यात कागद जपायची परंपरा जुनी. पोर्तुगीजांनी १५९५ मध्ये दियोगु द कौतु याला नेमून इथलं दफ्तर सुरू केलं. गोव्याच्या जुन्या कागदांत मोडीतले कागद आहेत, गोंयकानडीतले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण ते घडाघडा वाचणारी माणसं आज बोटांवर मोजण्याइतकी. वाचणारा नसला की शाबूत कागदही मुका. आमच्या आजोबांच्या पिढीत मोडी हे रोजचं अक्षर होतं, जसं माझ्या पिढीला व्हीसीडी रोजची होती. मोडी अक्षर गेलं ते तीन पिढ्यांत. व्हीसीडी गेली वीस वर्षांत, आणि घरातलं कुणी त्याबद्दल हळहळलंही नाही.

आमचं नाटक वाचलं याला तीन कारणं. एक, त्याची लिपी १९९३ मध्ये छापून सर्वांसमोर मांडलेली होती, कुठल्या एका कंपनीच्या तिजोरीत नव्हती. दोन, ती लिपी वाचायची विद्या कुणीतरी अजून जिवंत ठेवली आहे. तीन, गावात प्रती वाटलेल्या होत्या. यातली पहिली दोन आपल्या हातात नाहीत. तिसरं आहे.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या कपाटात मुंजीची, लग्नाची, शिगम्याची, जत्रेच्या नाटकाची तबकडी असेल तर ती या महिन्यात बाहेर काढा. सीडीचा खण असलेला संगणक शेजारी कुठेतरी सापडेल, बाहेरून जोडायचा खणही मिळतो. फाइल जशी आहे तशी उतरवा. नव्या पद्धतीत बदललीत तरी मूळ फाइल टाकू नका. एक प्रत स्वतःकडे, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आणि अडलं तर यंत्राला शिव्या देण्याआधी दोन तारखा विचारा.

गणपती विसर्जनाच्या आदल्या रात्री आम्ही नाटक सलग पाहिलं. अण्णाजीकाकाही आले होते. चित्र ३५२ बाय २८८, मोठ्या टीव्हीवर पिसारलेलं, कडेला चौकोन चौकोन. त्याहून बरं ते होणार नाही, कारण त्याहून जास्त त्यात कधी नव्हतंच. बारावं मिनिट आलं. बाबा विंगेतून आले, शेला सावरला, या वेळी थांबले नाहीत. चालत मध्यभागी गेले आणि बोलले. काका पहिल्या शब्दाला पुटपुटत होते, बाबांची वाक्यं त्यांना अजून पाठ आहेत. आई काही बोलली नाही. तो प्रवेश संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "परत एक फावट लायशी?"

लावला.